सपाट चमचा

"सपाट. अगदी सपाट हवा," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने सुरीची उलटी बाजू इवल्याशा चमच्यावरून फिरवली. विरजणाची जास्तीची पूड डबीत परत पडली.

"आई, दर वेळी असंच तर करते."

"मग चव जाते कुठं? पाय फुटतात तिला?"

हॉटेलच्या आचाऱ्याने चीजचे मागचे दोन गोळे परत पाठवले होते. चीज दिसायला झकास, पण मिळमिळीत. जिभेवर रेंगाळणारा तो आंबूसपणा नाही, आजचाही गोळा तसाच निघाला तर दुसरीकडे बघतो, असा त्याचा निरोप होता. खापर अर्थातच सुनेच्या डोक्यावर फुटलं. सासरे जिन्यावरून पडले, सासूबाई त्यांच्या उशाशी अडकल्या आणि मोजमाप हिच्या हाती आलं. चव बिघडली ती तेव्हापासूनच.

सुनेला मात्र वेगळीच शंका होती. सासूबाई काहीतरी हातचं राखून शिकवतात. म्हणून मागच्या खेपेला तिने हट्टाने त्यांनाच मोजायला लावलं आणि डोळ्यांत तेल घालून बघत बसली. तोच चमचा, तीच सुरी. आणि चीज? तेही मिळमिळीतच. तेव्हापासून सासूबाईंचं जेवणातही लक्ष नव्हतं.

"माझाच हात गेला गं," त्या आता हळूच म्हणाल्या. "उगाच तुला बोलले. आज नाही जमलं तर सगळी भांडी माळ्यावर टाकू."

सुनेला भरून आलं. "असं काय बोलता, आई! आणि डबी हल्ली किती दिवस पुरते बघा. पूर्वी सारखी नवी आणावी लागायची ना?"

"दुकानदार मापात मारत असेल तेव्हा. मेला."

कोमट दुधावर पूड भुरभुरून झाली. आता ती भिजेपर्यंत पातेल्याला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात नेहमीसारखी फडकी धुवून घ्यायची, म्हणून दोघी मागच्या नळाकडे निघाल्या.

इतक्यात काठी टेकत सासरे आले. पडल्यापासून आज पहिल्यांदाच खाली उतरले होते.

"चहा मिळेल का?"

"आलात! प्लास्टर निघालं नाही तोच लुडबुड सुरू? जन्मभर नेमकं याच वेळी चहा आठवतो तुम्हाला. फडकी धुवून येते मग देते. आणि पातेल्याजवळ फिरकू नका."

"बरं बाई. बसतो इथं गुपचूप."

साबण आत राहिला म्हणून सून अर्ध्या वाटेतून परतली आणि दारातच थबकली.

सासरे पातेल्याशी उभे होते. काठी ओट्याला टेकवलेली, डबी उघडी. त्यांनी तोच इवलासा चमचा शिगोशीग भरला, दुधावर नीट भुरभुरला, वर आणखी एक चिमूट टाकली आणि डबीचं झाकण लावता लावता स्वतःशीच पुटपुटले, "लग्न झाल्यापासून बघतोय, हिचा हात आखडता तो आखडताच!"