निरोपाचा शब्द

"यंदाही जमणार नाही, बाबा. फेलोशिप सहाच महिने वाढलीय, व्हिसाचे कागद अडकलेत. आत्ता जर्मनीबाहेर पडले, तर लॅबमध्ये परत येता येणार नाही."

चार वर्षं मी हेच सांगतेय.

व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच बाबा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. हळूच म्हणाले, "फोन ठेवताना तू 'येते' म्हणतेस, ते आईला खरंच वाटतं. हल्ली तिच्या काही लक्षात राहत नाही, पण तुझं ताट वाढून दाराशी बसते. आज सरळ 'जाते' म्हण."

बाहेर येऊन त्यांनी फोन आईकडे दिला. थोडं बोलून, मन घट्ट करून मी म्हटलं, "आई, जाते."

ती एकदम रागावली. "जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

"येते," मी म्हटलं.

ती ताट घ्यायला उठली.