ट्यूलिपचा हार

नवीन जालन्यातल्या बियाणे कंपनीनं हाशिमला ट्रेनिंगसाठी हॉलंडला पाठवलं, तेव्हा त्यानं घनसावंगीच्या शाळेतल्या जिवलग सुग्रीवचा तिथला पत्ता मिळवला आणि न कळवताच त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. दोस्ताला दचकवायचं होतं. दार उघडताच सुग्रीव पांढराफटक पडला आणि मटकन खाली बसला. हाशिम हसत आत शिरला अन् जागीच थबकला. भिंतीवर त्याचाच शाळेतला फोटो, फोटोला ताज्या ट्यूलिपचा हार. “शाळेच्या ग्रुपवर आल्तं... तू अपघातात... फोटोसकट,” सुग्रीव त्याचे हात चाचपत पुटपुटला. हाशिम त्या ग्रुपवर नव्हताच. दुसऱ्याच हाशिमच्या बातमीला कुणीतरी याचा फोटो जोडला होता. “अरे येड्या,” हाशिम हाराकडं बघत म्हणाला, “आमच्यात फोटोला हार घालत न्हाईत.” सुग्रीवला हुंदका फुटला. “तुमच्यात काय करतेत, हे विचारायला तूच न्हवतास ना!”