खिडकीजवळची जागा

मालकांनी रजई तिच्या खांद्यांवर पांघरली आणि शिवणकारखान्यातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रजई सुरेख होती, त्यात वाद नाही. कॉलरवाल्या, काजेवाल्या, कापड कापणारे, सगळ्यांनी आपापल्या टेबलावरचा एकेक तुकडा दिला होता आणि जेवणाच्या सुट्टीत बसून जोडला होता. शिवणाऱ्या माणसांना माया आली की ती शिवायलाच बसतात. आत कापूसही चांगला जाड भरला होता. तिला काय हवंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

मालकांना मात्र तिनं सांगितलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस हे आजाराचं अवघड नाव नीट उच्चारून सांगितलं होतं. "मला उकाडा सोसत नाही. अंग तापलं की पाय जड होतात, डोळ्यांपुढे धुरकट होतं. माझं मशीन इस्त्रीच्या टेबलापासून हलवून खिडकीजवळ ठेवा. काम सगळं करीन."

"खिडकीत पुतळा आहे," मालक म्हणाले होते.

पुतळ्याच्या अंगात नवा झगा होता. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तो हलताना दिसावा म्हणून समोर पंखा लावला होता. कारखान्यात तेवढा एकच पंखा.

आता तेच मालक गहिवरून बोलत होते. "आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत." पाठीशी होतं इस्त्रीचं टेबल, वाफा सोडत. "फक्त हल्ली तुझी शिलाई वाकडी जाते. महिनाअखेरपर्यंत बघू. नाही जमलं तर घरी आराम कर."

माणसाला तव्यावर बसवायचं आणि वर चटके का बसतात म्हणून त्यालाच विचारायचं, असा हा कारभार.

ती उठायला गेली. पाय उचलेनात. शेजारच्या मशीनवर तिची नणंद बसायची. रजईची कड तिनंच शिवली होती. तिनं धावत येऊन दंड धरला.

"अगं वहिनी, बस. किती घाम आलाय तुला."

तिनं रजई अंगावरून काढली, घडी घातली आणि नणंदेच्या हातात दिली.

"वन्सं, ही त्या पुतळ्याला पांघरून या. दिवसभर पंख्यासमोर उभा असतो. गारठला असेल बिचारा."

नणंदेनं इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि खरंच जाऊन पुतळ्याभोवती रजई गुंडाळली.

झगा हलायचा थांबला.