ऐकायची पट्टी

मी टेबलावर चहा ठेवला, रेडिओच्या पडद्यावरचे आकडे बघितले आणि म्हटलं, ‘अहो...’ यांनी हेडफोन न काढताच तळहात वर केला. म्हणजे, थांब.

आज जिल्ह्यातल्या हौशी रेडिओवाल्यांचा पुराच्या तयारीचा सराव होता, आणि सूत्रं पहिल्यांदाच यांच्या हातात आली होती. काल मला समोर बसवून यांनी धडा घोटवला होता: आपला आवाज अरुंद पट्टीत पाठवायचा, म्हणजे शेजारच्या लहरींवर बोलणाऱ्या गटांना त्रास होत नाही. ऐकायची पट्टी मात्र रुंद ठेवायची, म्हणजे कोणाचा शब्द गळत नाही.

हे तासभर सूचना देत राहिले. उत्तरं म्हणे डब्यात कोंडल्यासारखी येत होती. ‘सगळ्यांचेच सेट बिघडलेत,’ हे वैतागले. मी तोंड उघडलं. पुन्हा तळहात.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गुहागरचे खातू भावजी होते, यांच्याच गटातले. ‘वहिनी, त्यांना आवरा हो. त्यांचा आवाज शेजारच्या दोन गटांवर पसरलाय. आम्ही कधीचे ओरडून सांगतोय, पण त्यांना धड ऐकूच येत नाही.’

मी यांचा हेडफोन बाजूला सारला आणि फोन त्याच कानाला लावला. यांचा चेहरा उतरला. यांनी निमूटपणे दोन आकडे बदलले आणि सगळ्या जिल्ह्याची बोलणी खाल्ली.

सराव संपल्यावर यांनी गार झालेला चहा उचलला. ‘तू मघापासून काय सांगत होतीस गं?’

‘हेच,’ मी म्हटलं. ‘पट्ट्या उलट्या लागल्यात.’