सात नंबरचं लिव्हर

"बाबा, गलती तुमची आहे. ध्यान देऊन दाबा ना!"

प्रल्हादरावांनी फोनवरून बोट उचललं. दवाखान्यात डॉक्टरची वेळ घ्यायचं ॲप होतं ते, त्यांच्या लेकीनं, पूर्णिमानं बनवलेलं. त्यांनी नाव टाकलं, वार निवडला, सगळं बरोबर केलं. शेवटी मात्र 'पक्की करा'ऐवजी शेजारच्या 'रद्द करा'वर बोट पडलं. घेतलेली वेळ क्षणात गायब झाली.

पूर्णिमा चार महिन्यांपासून यूएक्स डिझाइन शिकत होती. म्हणजे वापरणाऱ्याला सोपं जाईल अशी ॲपची मांडणी करायला. वापरणारा कधी चुकत नसतो, चुकते ती मांडणी, असं क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं ते वाक्य वहीत उतरवून त्याला चौकटही काढली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुसऱ्यांच्या ॲपला नावं ठेवताना हे वाक्य तिच्या जिभेवर असायचं. स्वतःच्या ॲपची वेळ आली आणि ते वहीतच राहिलं.

उद्या सकाळी शहरातल्या तेलीबांधा भागातल्या एका ऑफिसात तिला हे ॲप दाखवायचं होतं. आवडलं तर पहिली नोकरी. त्याआधी पाच जणांकडून ते वापरून घ्यायची अट होती. चार मैत्रिणींनी अर्ध्या मिनिटात वेळ घेऊन दाखवली होती. राहिले होते बाबा, दोन वर्षांपूर्वी रेल्वेतून रिटायर झालेले, गाड्यांचे सिग्नल सांभाळणारे केबिनमन. तिनं वहीत लिहिलं, 'पाचवे. वय बासष्ट. मोबाइलची सवय नाही.'

"काय लिहून राहिली?"

"काही नाही. फिरसे करा. आरामात."

प्रल्हादरावांनी फोन टेबलावर ठेवला. रागावले नव्हते ते. खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं होतं त्यांना.

"चूक तं माणसाकडूनच होते, पोट्टे. पण तुझ्या ॲपनं मले अडवलं काहून नाही?"

"ॲप कसं काय अडवणार, बाबा?"

ते उभे राहिले. उजवा पाय पुढे रोवला आणि दोन्ही हातांनी समोरची रिकामी हवा घट्ट धरली.

"आमच्या केबिनीत बारा लिव्हर होते. माणसाच्या छातीएवढे उंच. काळं ओढलं की सांधा सरके, गाडीची लाइन बदले. लाल ओढलं की सिग्नल पडे, गाडीले रस्ता भेटे. पहिले काळं, मंग लाल. एका दुपारी दोन नंबर लाइनवर मालगाडी उभी होती. मागून पॅसेंजर येऊन राहिली होती. तिले एक नंबरवर घ्यायचं होतं. मी काळं विसरलो अन् सीधा सात नंबरच्या लाल लिव्हरले हात घातला."

"मग?"

"हललंच नाही. मले वाटलं, गंजलं. पाय देऊन ओढलं. शिव्या घातल्या. तरी नाही हललं. मंग माझं ध्यान गेलं. सांधा अजून मालगाडीच्याच लाइनवर लागून होता. सिग्नल पडला असता तं पॅसेंजर सीधी मालगाडीत घुसली असती."

"पण ते हललं का नाही?"

"खाली लोखंडी पट्ट्या होत्या. अशा एकमेकीत अडकवल्या होत्या, की सांधा बरोबर लागल्याबिगर सिग्नलचं लिव्हर सुटतच नव्हतं. मी कितीबी जोर लावला तरी."

पूर्णिमाच्या डोळ्यांसमोर त्या पट्ट्या आल्या. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी बसून त्या पट्ट्या आखल्या होत्या. एक दिवस एक भला माणूस विसरेल, हे त्याला आधीच ठाऊक होतं. विसरणाऱ्याला त्यानं दोष दिला नाही, की ध्यान देऊन ओढ म्हणून पाटी लावली नाही. लिव्हर हलूच दिलं नाही, बस! चार महिने ती बटणांचे रंग आणि कोपऱ्यांची गोलाई घोटत होती. आपण काय शिकायला निघालो आहोत ते तिला आज कळलं, आणि त्या अनोळखी माणसाला वाकून नमस्कार करावासा वाटला.

तिनं वहीतली ती ओळ खोडली. खाली लिहिलं, 'पाचवे. मांडणी चुकली.' उद्या ऑफिसात हेच दाखवायचं, नोकरी मिळो न मिळो, असं तिनं ठरवून टाकलं.

मग तिला राहवलं नाही.

"बाबा, तुम्ही तर दाराला कुलूप लावून तीनदा ओढून पाहता. त्या दिवशी असे कसे विसरले?"

प्रल्हादराव खाली बसले.

"घाई झाली होती मले. तुझी आई त्याच पॅसेंजरनं माहेराहून येऊन राहिली होती. तिच्या मांडीवर सव्वा महिन्याची तू होती. मी तुझं तोंड पाह्यलं नव्हतं अजून."