चौथा पाव

“बाबा, घरात माणसं तीन, मग पाव चार कसे?”

प्रश्न तिचा नव्हताच. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली होती. “वादविवादात कप मारलास ना, वकीलीणबाई? मग घरी विचारून दाखव. की तिथे बोलती बंद?” बोलती बंद म्हटल्यावर गप्प बसेल ती ही कसली! जेवायला बसल्या बसल्या तिने विचारून टाकलं.

बाबांचा हात ताटातच थांबला. कोपरापर्यंत भाजलेला, कातडी आक्रसलेला हात. भट्टीवरच्या सगळ्यांचेच हात असे असतात, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

“मोजणाऱ्याची चूक असेल,” बाबा म्हणाले.

“रोज?”

“तू जेव बघू,” आई मध्येच म्हणाली आणि नेहमीसारखे तिच्या पुढ्यात दोन पाव सरकवले. “वाढतं वय आहे तुझं.”

आई-बाबा एकेकच खायचे. भूक उरली तर वर पाणी प्यायचे, पण तिच्या दुसऱ्या पावाचा तुकडाही मोडायचे नाहीत. एकदा तिने बाबांना त्यातला घास भरवायला नेला, तर ते तोंड फिरवून उठूनच गेले होते. एकुलत्या लेकीचे लाड, दुसरं काय!

पाव कारखान्यातून यायचा. तिथले नियम फाटकावरच्या पाटीवर रंगवलेले होते आणि वस्तीतल्या पोरी दोरीउड्या मारताना ते एका दमात म्हणायच्या. भट्टीपाशी अंगठी घालू नये. पिठाच्या पोत्यावर बसू नये. कामगाराच्या घरी माणशी एक पाव रोज. कामावर कुणी दगावला तर त्याचा पाव त्याच्या मुलांना, शाळा संपेपर्यंत. पिठाच्या खोलीत काडी ओढू नये. जी अडखळेल ती बाद.

नव्या मॅनेजरने त्यात भर घातली होती. जास्तीचा पाव उचलणाऱ्याला घरी पाठवणार. पीठ महागलं होतं ना! गेल्याच आठवड्यात पीठ मळणाऱ्या एकाला हाकललं. त्याची म्हातारी जाऊन वर्ष झालं होतं, पण तिचा पाव चालूच होता. फाटकाशी त्याने मॅनेजरचे पाय धरले. त्याचं सामान हातगाडीवरून निघालं तेव्हा वस्तीने खिडक्या लावून घेतल्या. आता सोमवारपासून घरोघरी डोकी मोजणार होते.

“काय गं, काय म्हणाले?” दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी घेरलंच.

“मोजणाऱ्याची चूक.”

“रोज? आमच्याकडे नाही कधी चुकत मेला!”

सगळ्या खिदळल्या. लांब वेणीवाली मात्र हसली नाही. “माझी आई म्हणाली, तुझ्यापुढे हा विषय काढायचा नाही. काढलास तर थोबाड फोडीन म्हणाली.”

म्हणजे मोठ्यांना सगळं ठाऊक होतं. बाबा चोर होते. आणि चोरीचा माल रोज खात कोण होतं? ती स्वतः!

शनिवारी शाळा लवकर सुटली. तिने डब्यातून एक पाव काढला, रुमालात बांधला आणि तडक कारखाना गाठला. आत भट्ट्या धडधडत होत्या. लांब दांड्याच्या फावड्यांनी माणसं पाव ओढून काढत होती आणि वाफेत खोकत होती. ऑफिसातल्या म्हाताऱ्या कारकुनाच्या भुवयांवरसुद्धा पीठ होतं.

वाटेत भाषण पाठ केलं होतं. कप मारणारी पोर, पण पहिल्याच वाक्याला अडखळली.

“काका, हा... आमच्याकडे जास्तीचा येतो. बाबांची चूक नाही, मीच हावरट आहे. सोमवारच्या आधी बंद करा ना. पण त्यांना काढू नका.”

“बाबांनी पाठवलं तुला?”

“नाही. त्यांना विचारलं तर ते खोटं बोलले.”

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. “दार लोट,” तो म्हणाला. मग त्याने खणातून तिच्या घरचं पावाचं जुनं कार्ड काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. चार ओळी होत्या. तिने त्या तीनदा वाचल्या.

“सोमवारी तुमच्याकडे कुणी ब्र काढणार नाही,” तो म्हणाला. “मॅनेजरसुद्धा नाही. बाबांचे हात कसे भाजले, विचारलंस कधी?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“मग बस.”

तो सांगत होता तोवर भिंतीपलीकडे भट्टीचं दार दोनदा उघडलं, दोनदा बंद झालं. दोन्ही वेळा ती दचकली.

घरी पोचली तेव्हा ताटं वाढलेली होती.

“कुठे उंडारत होतीस?” आई म्हणाली. मग तिला रुमालातला पाव दिसला.

“कारखान्यात. कार्ड बघून आले.”

आई भिंतीला टेकली. बाबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“सगळं सांगितलं कारकुनाने?” बाबांनी विचारलं.

“सगळं.”

“शाळा संपली की आम्ही सांगणारच होतो,” बाबा म्हणाले. “तू जाणार का आता कुठे?”

तिने रुमाल सोडला आणि अख्खा पाव त्यांच्या ताटात ठेवला.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “भट्टीत गेलेल्या माझ्या वडिलांचा पाव आजपासून तुम्ही खायचा, बाबा.”