फ्रिजमधली एक कुपी

"तुम्ही लोक नियमावर बोट ठेवून माझ्या बापाला मारताय!"

औषधाच्या चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर त्यांच्याच संस्थेत रक्ताचे नमुने घेणारी बाई उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना.

"आवाज खाली," अध्यक्ष म्हणाले. "औषध अजून चाचणीत आहे. किडनी बदललेला माणूस चाचणीत बसत नाही."

"मग तो बसतो कुठं? लस त्याच्यावर चालत नाही. किडनी टिकावी म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली लढायची ताकदच झोपवलीय. त्यात हा नवा कोरोना. पलीकडच्या इमारतीत नळ्या लावून पडलाय. इथं फ्रिजमध्ये तयार अँटिबॉडीच्या कुप्या भरल्यात. मला एक हवी."

"काल माझा सख्खा मेव्हणाही एकच मागत होता. बायको अजून माझ्याशी बोलत नाही."

"बरं आहे की तुमचं. घरात शांतता."

अध्यक्षांना हसू येता येता राहिलं. वशिल्याला आपण भीक घालत नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

"हे बघा बाई, ही अँटिबॉडी म्हणजे खेळ नाही. जुना, नवा, आजवर तपासलेला प्रत्येक कोरोना ती एकटी अडवते. हजारो नमुन्यांत एकाच माणसाच्या रक्तात सापडली. तिच्यावरून बेतून आपण लस घडवतोय. तुमच्या एकट्या बापासाठी सगळं पणाला लावू?"

"त्या माणसाला द्याल?"

"दात्याला? त्याच्यासाठी आत्ता सही करीन! पण तो कोण, कुणाला ठाऊक? नमुना घेतला की नाव पुसायचं, नुसता आकडा ठेवायचा. नाव फोडणाऱ्याची नोकरी जाते. हे तुम्हाला मी सांगायचं?"

बाईनं मान खाली घातली. उतरला एकदाचा पारा, असं मनाशी म्हणत अध्यक्षांनी चष्मा चढवला.

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्यांच्या पुढ्यात टाकलं.

"किडनी बदलायच्या आधीची गोष्ट, सर. तेव्हा नमुने कमी पडत होते. नुकताच तापातून उठलेला एक माणूस मी हाताला धरून इथं आणला. तुमच्या त्या दात्याच्या शिरेत सुई मीच टोचली, नाव पुसून आकडाही मीच घातला. 'हळू गं पोरी' म्हणून केवढ्यानं कळवळला होता माझा बाप! करताय सही, की आता दुसरा नियम शोधताय?"